बिनअंड्याचे पातळ क्रेप, घावन घालणाऱ्या हाताने

२ फेब्रुवारीला फ्रान्समध्ये घरोघरी क्रेप, म्हणजे मैदा, दूध आणि अंड्यांचे पातळ पोळे, होतात. एका हातात नाणं धरायचं आणि दुसऱ्या हातानं तव्यातला क्रेप हवेत उलटायचा. तो नीट पडला की वर्षभर पैशाची ददात नाही, अशी तिकडची समजूत. आमची लेक दोन वर्षं रेन शहरात शिकायला होती. ते फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात येतं आणि क्रेपचं माहेरच तो प्रांत. ती परत आली त्याच वर्षी २ फेब्रुवारीला सकाळी सकाळी मैदा, दूध आणि अंड्यांचा पुडा घेऊन डोंबिवलीतल्या आमच्या ओट्यापाशी उभी राहिली.

आमच्या सासूबाई माळकरी. मूळच्या कुडाळकडच्या, पण गळ्यात तुळशीची माळ आल्यापासून मासळीही सुटली, तिथे अंड्याचं काय! त्यांनी नातीला एवढंच सांगितलं, ‘माझ्या तव्यार नको गो.’ आणि घरात चांगला, घासून घासून गुळगुळीत झालेला तवा तोच एक. लेकीनं अंडी मुकाट्यानं फ्रीजमध्ये ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी जे झालं त्याला क्रेप म्हणता आलं नसतं. पण मला ते मनाला लागून राहिलं. कोकणातली बाई मी, लहानपणापासून घावनं घालत आले. तांदूळ, पाणी आणि मीठ, एवढ्यात कागदासारखं पातळ घावन होतं, तर मैद्याचा क्रेप अंड्यावाचून का अडावा?

पुढच्या दोन महिन्यांत मी नऊ वेळा केले. प्रमाणं दिनदर्शिकेच्या पाठच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवत गेले. आता आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी होतात आणि सासूबाई दोन मागून घेतात. ते जसे होतात तसे इथे सांगते.

आधी अंडं क्रेपमध्ये करतं काय, हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. मी पहिल्यांदा चुकले ती इथेच. लेकीच्या कृतीतली दोन अंडी नुसती वगळली आणि बाकी सगळं तेवढंच ठेवलं. पीठ दाट झालं, तव्यावर पसरेना, आणि जाड झालेला तुकडा उलटताना मधोमध फाटला. कारण अंड्याचा पाऊण भाग पाणीच असतं. दोन अंडी काढली म्हणजे साधारण ७० मिली पाणी काढलं, ते भरून द्यायला हवं होतं. दुसरं काम बांधून धरण्याचं. तापल्यावर अंडं घट्ट होतं, त्यामुळे क्रेप ओलसर असतानाही उचलता येतो. तिसरं, बलकातल्या स्निग्धपणानं येणारा मऊपणा. आणि चौथा रंग.

दुसऱ्या खेपेला मी दही आणि चिमूटभर सोडा घातला. केकमध्ये अंड्याऐवजी चालतं ते इथेही चालेल असं वाटलं. आंबूस, फुगीर, भोकाभोकाचं असं काहीतरी झालं. उत्तप्पा म्हणून ठीक होतं. क्रेपला फुगवायचंच नसतं. म्हणून सोडा, बेकिंग पावडर, इनो यातलं काहीही घालू नका. बुडबुड्यांच्या जागी क्रेप कमकुवत होतो आणि घडी घालताना तिथेच चिरतो. केळं कुस्करून किंवा जवसाची पूड भिजवूनही घालतात. ते मलाही करून बघायला सांगितलं होतं, मी केलंही. केळ्यानं चिकट होतं आणि फार लवकर करपतं. जवसाचे काळपट ठिपके दिसतात आणि चवही लपत नाही. धरून ठेवण्याचं काम मैद्याला आणि थोड्या कॉर्नफ्लॉरला जमतं, फक्त त्यांना भिजायला वेळ द्यावा लागतो.

आता प्रमाण. मैदा १२० ग्रॅम, म्हणजे मोजायचा कप असेल तर सपाट एक कप. कॉर्नफ्लॉर दोन मोठे चमचे. मीठ पाव चहाचा चमचा. साखर एक चहाचा चमचा, तिखट सारण भरायचं असलं तरीही, कारण साखर गोडीसाठी नाही, रंगासाठी आहे. दूध २५० मिली आणि पाणी ८० मिली. वितळवलेलं लोणी २० ग्रॅम, म्हणजे दीड मोठा चमचा. घरचं लोणी असेल तर उत्तम. बाजारचं खारं लोणी असेल तर मीठ निम्मं करा. तूपही चालतं, पण तुपाचा वास वरचढ होतो आणि तो मला पुरणपोळीवर आवडतो, क्रेपमध्ये नाही. एवढ्यात नऊ ते दहा क्रेप होतात, आमच्या चौघांच्या संध्याकाळच्या खाण्याला पुरतात.

दुधाच्या जोडीला पाणी का, असं लेकीनंही विचारलं होतं. नुसत्या दुधाचा क्रेप मऊ होतो, पण दुधातल्या साखरेनं तवा लवकर डागाळतो आणि आतून शिजायच्या आत वरून तांबूस दिसायला लागतो. नुसत्या पाण्याचा पातळ होतो, कडेला कुरकुरीत होतो, पण पांढराफटक आणि गार झाल्यावर वातड. तीन भाग दूध आणि एक भाग पाणी हा माझा सातव्या खेपेचा निष्कर्ष. त्यानंतर तो बदलावासा वाटलेला नाही.

मैदा आणि कॉर्नफ्लॉर एकत्र चाळून घ्या. मीठ, साखर मिसळा. मग सगळं दूध एकदम ओतू नका. साधारण एक तृतीयांश दूध घाला आणि रवीनं किंवा तारेच्या फेटणीनं घोटा. भज्यांच्या पिठाएवढं दाट झालं पाहिजे. गुठळ्या मोडतात त्या या दाट अवस्थेतच. पातळ पिठात गुठळी रवीच्या पुढे पुढे पळते, दाट पिठात तिला पळायला जागा नसते. गुळगुळीत झालं की उरलेलं दूध आणि पाणी धार धरून घालत जा. शेवटी लोणी. दूध फ्रीजमधून काढल्या काढल्या घेतलं असेल तर लोणी घातल्याबरोबर थिजतं आणि पिठावर पिवळे कण तरंगतात, म्हणून दूध आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. शेवटी पीठ बारीक चाळणीतून गाळून घ्या. मी सुरुवातीला याचा कंटाळा करायची. पण एवढ्या पातळ थरात मोहरीएवढी गुठळीही तव्यावर वेगळी दिसते.

आता भांड्यावर झाकण ठेवा आणि तासभर तिकडे बघू नका. अर्धा तास ही अगदीच कमीत कमी वेळ. दोन गोष्टी या वेळात होतात. मैद्याचे कण पाणी पितात आणि फुगतात, त्यामुळे तव्यावर पीठ एकजीव पसरतं. आणि घोटताना मैद्यात जो ताण आलेला असतो तो सैल पडतो. पोळ्यांची कणीक मळून झाकून ठेवतो ते ज्यासाठी, त्यासाठीच हेही. ताण तसाच राहिला तर क्रेप तव्यावर आक्रसतो आणि रबरासारखा लागतो. अंडं असतं तर लगेच केलेले क्रेपही निभावून गेले असते. बिनअंड्याचे निभावत नाहीत. माझ्या नऊ खेपांत सर्वांत मोठा फरक कशानं पडला असेल तर या तासानं.

तासाभरानं पीठ थोडं दाट झालेलं असतं. दोन-तीन चमचे पाणी घालून सारखं करा. कितपत पातळ? घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट आणि डोशाच्या पिठापेक्षा बरंच पातळ. डाव पिठात बुडवून बाहेर काढा आणि उलटी बाजू बघा. पिठाचा झिरझिरीत थर बसलेला असेल आणि बोटानं रेघ ओढल्यावर ती दोन-तीन सेकंद तरी टिकली, तर जमलं.

तव्याविषयी. आठ इंच तळाचा, सपाट, आखूड काठांचा नॉनस्टिक पॅन सर्वांत सोपा, आणि पहिल्या खेपेला तोच घ्या. आमच्याकडे सासूबाईंच्या बिडाच्या तव्यावरही उत्तम होतात, पण त्यावर चाळीस वर्षांची घावनं आणि आंबोळ्या झालेल्या आहेत. नव्या बिडाच्या तव्यावर प्रयत्नही करू नका. खोलगट तवा नको, पीठ मध्ये साचतं. तवा पुसायला मी नारळाच्या शेंडीचा पुंजका तेलात बुडवून घेते, कोकणात घावनासाठी वापरतात तोच. अर्धा कांदाही चालतो, पण गोड क्रेपला कांद्याचा वास येतो. तेल दिसता कामा नये. तव्यावर तेलाचे ओघळ असले तर पीठ त्यावरून सरकतं आणि क्रेपला डाग पडतात. पिठात लोणी आहेच, त्यामुळे तीन-चार क्रेप झाल्यावर एकदा पुसलं तरी पुरतं.

आच मध्यम. आणि इथेच घावन घालणारी माणसं चुकतात. मीही चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घावनाला तवा सणसणीत तापवतो. तांदळाचं पाण्यासारखं पीठ वरून, कडेकडून मध्याकडे ओततो. तापलेल्या तव्याला लागताच त्यातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ पिठातून वाट काढते आणि जाळी पडते. पीठ जिथे पडलं तिथेच बसतं, हलत नाही. जाळी हेच घावनाचं रूप. वर झाकण ठेवतो, उलटत नाही. क्रेपचं सगळं याच्या उलट. इथे जाळी नको, सलग पडदा हवा. पीठ पडल्यावर त्याला दोन-तीन सेकंद वाहायला मिळालं पाहिजे. तवा घावनाएवढा तापलेला असेल तर पीठ पडल्या जागी चिकटून बसतं, तुम्ही पॅन फिरवता आणि ते फिरतच नाही. मग मध्ये जाड आणि कडेला अर्धवट नकाशा.

तव्यावर पाण्याचे चार थेंब उडवा. थेंब चुर्र करून लगेच उडून गेले तर ताप बरोबर. थेंबांचे मोती होऊन ते तव्यावर पळायला लागले तर फार तापलाय, गॅसवरून उतरवून अर्धा मिनिट थांबा. थेंब नुसतेच बसून राहिले तर अजून तापू द्या. कमी तापलेल्या तव्यावर क्रेप वाळतो, भाजत नाही, आणि मग पापडासारखा मोडतो.

पीठ दर वेळी तळापासून ढवळून घ्या, कॉर्नफ्लॉर खाली बसत असतं. डाव असा हवा की एका वेळी ४५ मिली, म्हणजे तीन मोठे चमचे पीठ येईल. आमच्याकडे आमटीचा एक लहान डाव नेमका तेवढा आहे, आता तो क्रेपचाच झाला. पॅन गॅसवरून उचलून डाव्या हातात धरा, थोडा आपल्याकडे तिरका. पीठ मध्यावर एकदम ओता, धार धरू नका. ओतता ओतताच मनगट फिरवायला सुरुवात करा, आधी पुढे, मग उजवीकडे, मग आपल्याकडे, असं एकच सावकाश वर्तुळ. पीठ काठापर्यंत धावत जाताना दिसतं आणि आपल्या पाठीमागे दुधाच्या सायीसारखा थर सोडत जातं. तीन ते चार सेकंदांत हे संपलं पाहिजे. कुठे उघडं राहिलं तर तिथे थेंबभर पीठ सोडा. जास्त पडलं असं वाटलं तर पॅन वाकडा करून जास्तीचं परत भांड्यात ओता. लेक सांगते, तिकडे दुकानांत मोठ्या गोल सपाट तव्यावर लाकडी दांडीनं पीठ फिरवून पसरतात. तशी दांडी तिनं आणलीही आहे. ती फिरवायला हात बसावा लागतो, आणि आपल्या आठ इंची पॅनमध्ये तिला वळायला जागाच नाही. मनगट पुरे.

आता पॅन गॅसवर ठेवा आणि हात लावू नका. आधी चकाकणारा पृष्ठभाग मध्यापासून मंद होत जातो. मग कडा पिवळसर, मग तांबूस होतात, आणि नखाएवढ्या वर उचलल्या जातात. साधारण एक मिनिट लागतं. अंड्याचा क्रेप वरून थोडा ओला असतानाही उलटता येतो. बिनअंड्याच्या क्रेपवर कुठेही ओली चकाकी उरलेली असेल तर उलटू नका, हमखास फाटतो. संपूर्ण मंद दिसला की पॅन हलवून बघा. क्रेप एकसंध सरकला तर तो तयार आहे. पातळ उलथनं एका बाजूनं आतपर्यंत सरकवा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कड धरा आणि पालथा घाला. दुसऱ्या बाजूला वीस सेकंद पुरतात. ती बाजू ठिपक्याठिपक्यांचीच राहते, पहिल्यासारखी रंगत नाही. ती आत ठेवून घडी घाला.

पहिला क्रेप बहुतेक वेळा बिघडतो. तव्याचा ताप आणि पिठाचा पातळपणा दोन्ही त्याच्यावरच कळतात. तो ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवा आणि त्यातून काय कळलं ते बघा. भोकं पडली तर ताप जास्त. जाड झाला तर चमचाभर पाणी. फाटला तर घाई झाली, किंवा पाणी फार पडलं. फार पडलंच असेल तर वरून कोरडा मैदा टाकू नका, गुठळ्या होतील. चमचाभर मैदा वाटीत थोड्या पिठात कालवून मग मिसळा, आणि दहा मिनिटं थांबा. पांढुरका राहिला तर आच थोडी वाढवा. तिखट क्रेप करायचे असतील तर पिठात दोन चहाचे चमचे बेसन घालते मी. अंड्याचा पिवळेपणा येतो आणि पीठ धरूनही ठेवतं. गोडाच्या क्रेपला घालत नाही, बेसनाचा कच्चट वास गुळाखालीही लपत नाही.

झालेले क्रेप ताटलीत एकावर एक ठेवा आणि वर दुसरी ताटली पालथी घाला. घावनं अशी ठेवली तर चिकटून गोळा होतो, त्यांना फडक्यावर सुटं ठेवावं लागतं. क्रेपमध्ये लोणी असल्यानं ते चिकटत नाहीत, उलट आतल्या वाफेनं कुरकुरीत कडा मऊ होतात आणि घडी घालताना तुटत नाहीत. तव्यावरून काढल्या काढल्या घडी घालायची घाई करू नका, पाच मिनिटं झाकून ठेवा.

आत काय भरायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. लेकीला लिंबू पिळून वर साखर भुरभुरलेला आवडतो, तोही गरमच. आंब्याच्या दिवसांत मी चक्क्यात थोडी साखर फेटून त्यात हापूसच्या फोडी घालते. पण आमच्या घरात जिंकलं ते ओलं खोबरं आणि गुळाचं सारण, मोदकाचंच, थोडं कोरडं परतलेलं आणि वर वेलदोडा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत चहाबरोबर ‘आले बेले’ करतात, त्यातही खोबरं-गुळाचंच सारण गुंडाळलेलं असतं. सासूबाईंनी पहिल्यांदा हे खाल्लं तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ह्यां घावन न्हय. पण बरां लागतां.’ तिखटात पालक-पनीर, किंवा कांदा, सिमला मिरची आणि मक्याचे दाणे परतून घाला. सारण कोरडं हवं एवढंच बघा. पाणी सुटणारं सारण क्रेपला पाच मिनिटांत भिजवून टाकतं.

मैदा नको असणाऱ्यांसाठी दोन शब्द. निम्मी कणीक, निम्मा मैदा घेतला तर चांगले होतात. कणीक मैद्याच्या चाळणीनं चाळून कोंडा काढा आणि पाणी ३० मिली वाढवा. सगळी कणीक घेतली तर ते धिरडं होतं. धिरडं मला आवडतं, पण त्याला धिरडंच म्हणावं. आणि ज्यांना गहूच चालत नाही त्यांच्यासाठी ब्रिटनीतच उत्तर आहे. तिथे तिखट-खारट सारणासाठी काळसर रंगाची गॅलेट करतात. तिचं जुन्या पद्धतीचं पीठ म्हणजे कुट्टूचं पीठ, पाणी आणि मीठ, बाकी काही नाही. तेच कुट्टू जे उत्तरेकडे नवरात्रात उपासाला खातात. त्याच्या ‘बकव्हीट’ या इंग्रजी नावात गहू आहे, पण धान्यात नाही. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला तांदूळ-पाणी-मिठाचं घावनच आठवलं. कुट्टूचं पीठ १०० ग्रॅम, पाणी साधारण २५० मिली आणि मीठ, रात्रभर भिजवून ठेवा, सकाळी गरज वाटली तर पाणी वाढवा. याला तवा क्रेपपेक्षा जास्त तापवावा लागतो आणि जाळीही पडू द्यावी लागते. इथे घावनाचा हात थेट कामाला येतो.

मैद्याचं उरलेलं पीठ झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगलं राहतं. काढल्यावर दाट झालेलं असेल, पाणी घालून सारखं करा आणि गारठा गेल्याशिवाय तव्यावर घालू नका. झालेले क्रेप डब्यात घालून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात. खाताना कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद ठेवा. डब्यातून काढल्यावर ते कडक वाटतील आणि उलगडताना मोडतील, म्हणून गरम करण्याआधी घडी उघडायला जाऊ नका.